पावसात सायकलवर काय घालायचं? आधी कोरडं राहायचा नाद सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही वारज्याहून हिंजवडीला रोज सायकलनं ऑफिसला जाता, एका बाजूला साधारण १५ किलोमीटर, शनिवार-रविवारी ग्रुपबरोबर सिंहगड नाहीतर मुळशी-ताम्हिणी, आणि आता मृग तोंडावर आलाय तर १२ हजारांचं 'वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल' जॅकेट घ्यावं का, की बाइकवाल्यांचा दोन पीसचा रेनकोट चालेल, आणि बुटांचं काय करायचं. मी पुण्यात १७-१८ पावसाळे सायकलवर काढलेत, आधी कामावर जायला आणि नंतर बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला संपवायच्या सायकल राइडचं, वेड लागलं म्हणून रात्री-बेरात्री, आणि त्यात चार जॅकेटं, दोन पोंचो, एक अख्खा रेनसूट आणि बुटांवर चढवायच्या कव्हरांच्या दोन जोड्या इतका माल घेऊन घेऊन माळ्यावर टाकलाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी निकाल सांगून टाकतो. १२ हजार जॅकेटात घालू नका. त्याच पैशात दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड, एक तोंड गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग, मागचा-पुढचा चांगला लाइट, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या आणि ड्राय-फिटचे तीन सेट येतात, आणि तरी साध्या पातळ विंडचीटरपुरते पैसे उरतात. दोन पीसचा रेनकोट तर सायकलवर अजिबात नको.

आता का ते. सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली जेमतेम पाव पेडलला पोचते, बाकीची सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे तुम्ही चांदणी चौकाचा चढ जरा दमात मारला आणि पेडलवर १५० वॉट पडत असले तर अंगातून साडेचारशे वॉटची शेगडी पेटलेली असते. ती विझवायला घाम येतो, तासाला अर्धा ते एक लिटर कुठंच जात नाही, दमट दिवशी जास्तच. आता जॅकेटच्या लेबलवर १०,००० असा आकडा असतो ना ब्रीदेबलचा, तो म्हणजे एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत इतके ग्रॅम वाफ बाहेर जाते. २४ नं भागा, तासाला ४१६ ग्रॅम. जॅकेट पुरतं एक चौरस मीटरही भरत नाही, त्यात पाठीवर सॅक असली तर तेवढा भाग बाद. म्हणजे लॅबमधल्या लाडाच्या परिस्थितीतसुद्धा ते कापड तुमचा सगळा घाम बाहेर टाकू शकत नाही, आणि आपला जुलै म्हणजे लॅब नव्हे. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या ओलाव्याच्या फरकावर, युरोपात पाऊस पडतो तेव्हा बाहेर ८-१० अंश असतात, तिथली हवा कितीही ओली असली तरी थंड असल्यामुळे तिच्यात पाणी कमीच मावतं, मग आतली वाफ ओढून बाहेर जाते. इथं बाहेर २४ अंश आणि हवा आधीच तुडुंब, तो जोर निम्म्याच्या थोडासाच वर उरतो. जॅकेट खोटं नाहीये, ते ज्या गावच्या पावसासाठी शिवलंय ते गाव वेगळं आहे इतकंच.

आणि अजून एक. नव्या जॅकेटावर पाण्याचे मोती होऊन ओघळतात ना, ते वरच्या कोटिंगमुळे. चिखल, घाम, पाठीवरच्या सॅकचं घासणं यानं ते दोन-चार महिन्यांत उतरतं, मग वरचं कापड पाणी पितं, आत पाणी शिरत नाही पण वाफेचा रस्ता बंद होतो आणि तुम्हाला वाटतं जॅकेट गळायला लागलं. गळत नसतं हो, तो तुमचाच घाम असतो. (ज्यांच्याकडे असं जॅकेट आधीच आहे त्यांनी ते साध्या लिक्विड साबणानं धुवावं, कम्फर्टसारखं सॉफ्टनर चुकूनही टाकू नये, आणि लेबलवर परवानगी असेल तर वरून कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवावी, मोती परत यायला लागतात.)

हे सगळं मला पुस्तक वाचून नाही कळलं. एका ३०० च्या बीआरएमला, २० तासांत ३०० किलोमीटर संपवायचे असतात, पुण्याहून साताऱ्याच्या दिशेनं जाताना रात्री खंबाटकीचा चढ लागला, पाऊस धो धो, आणि अंगात माझं नवं कोरं महागडं जॅकेट. चेन गळ्यापर्यंत बंद, हूड वर, आणि मी खूश, की बघा बाकीचे भिजतायत. माथ्यावर पोचलो तेव्हा कोपरापाशी बाहीत पाणी साठलेलं होतं, हात खाली केला की मनगटातून धार लागायची, खरंच धार. आतला टी-शर्ट पिळायच्या लायकीचा. मग उतार सुरू झाला, पेडल मारणं थांबलं, म्हणजे शेगडी बंद, आणि चाळीसच्या स्पीडनं वारं. खालपर्यंत पोचेतो दात वाजत होते आणि मुख्य म्हणजे बोटं ब्रेकवर आवळेनात, उजवा ब्रेक मी दोन बोटांनी नाही अख्ख्या तळव्यानं दाबत होतो. बाहेर २०-२१ अंश असतील, कुणाला सांगितलं तर हसेल. पायथ्याच्या ढाब्यावर एक पोरगा होता, त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, आत गेला आणि साखरेच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक घेऊन आला, तळाला सुरीनं तीन भोकं पाडली, डोकं आणि दोन हात. मी ओला टी-शर्ट काढला, छातीवर कालचा पेपर घडी करून ठेवला, वर ते प्लॅस्टिक, वर जॅकेट, दोन चहा, आणि वीस मिनिटांत माणसात आलो. छातीवर पेपर ही युक्ती युरोपातल्या जुन्या रेसर लोकांची आहे, डोंगरमाथ्यावर प्रेक्षकांकडून पेपर घेऊन जर्सीत कोंबायचे आणि उतरायचे. पण पोत्याचं प्लॅस्टिक आपलं.

त्या रात्रीपासून माझा नियम: जॅकेट चालवायला नसतं, थांबायला आणि उतरायला असतं. चढाला आणि सपाटीला भिजायचं, मजेत भिजायचं, पाऊस कोमट असतो आपला. जॅकेट पूर्ण वेळ बॅगेत कोरडं. चहाला थांबलात की लगेच, दम खायच्या आधी, ते अंगात घालायचं. उतार सुरू व्हायच्या आधी घालायचं, अर्ध्या उतारात थंडी वाजल्यावर नाही, कारण तोपर्यंत बोटं गेलेली असतात. या कामाला हजार-दीड हजाराचं मुठीत मावणारं विंडचीटर पुरतं, वॉटरप्रूफ नसलं तरी चालतं, वारा अडला की झालं. ओल्या अंगाला पावसापेक्षा वारा जास्त मारतो.

आपल्या मावळातल्या, कोकणातल्या बायकांच्या डोक्यावरचं इरलं बघितलंय का कधी? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानं, हल्ली निळं प्लॅस्टिक. भातलावणीला दिवसभर वाकून काम, घाम येणारच, म्हणून ते अंगाला चिकटत नाही, पाठीवर छपरासारखं उभं राहतं आणि खालून बाजूनं वारा खेळता राहतो. आणि धनगराची घोंगडी, ती तर भिजतेच, पण लोकर भिजली तरी ऊब धरते. या दोन गोष्टींत पावसाळी कपड्यांचं सगळं शास्त्र आलं. एकतर हवा खेळू द्या, नाहीतर भिजल्यावरही गार न पडणारं कापड घाला. पीव्हीसीचा रेनकोट या दोन्हीत बसत नाही, आत तुम्ही मोदकासारखे वाफवून निघता. शिवाय त्याच्या पँटचा घेर चेनमध्ये अडकतो, शर्टाचा घोळ मागच्या स्पोकमध्ये जातो, आणि तो जातो तेव्हा चाक जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही पुढे.

मग पोंचो? पोंचो म्हणजे सायकलवरचं इरलंच की, युरोपात सायकलसाठी खास शिवलेले मिळतात, पुढचं टोक हँडलवर अंगठ्यात अडकवायचं, खालून मोकळं. गल्लीतून दोन-तीन किलोमीटर, भाजी आणायला, मुलाला शाळेत सोडायला झकास. पण तुमचा रस्ता बायपासचा, बावधनच्या पुढे उघड्यावर आडवा वारा आला की त्याचं शीड होतं, आणि शेजारून ट्रेलर गेला तर त्याच्या वाऱ्यानं आधी बाहेर ढकललं जातं आणि मग आत ओढलं जातं. हायवेवर पोंचो नको म्हणजे नको.

अंगावर काय, तर वर अंगाबरोबर बसणारं पॉलिस्टरचं ड्राय-फिट, कॉटन बंद. कॉटन पाणी धरून ठेवतं, जड होतं, लोंबतं, आणि रात्रभर पंख्याखाली टाकलं तरी सकाळी ओलंच, तिसऱ्या दिवशी त्याला जो कुबट वास येतो तो मरेपर्यंत जात नाही. पॉलिस्टर पिळून झटकलं की पंख्याखाली सकाळपर्यंत कोरडं. रंग भडक घ्या, पण पांढरा-पिवळसर फिका नको, भिजल्यावर काय काय दिसतं ते सांगायची गरज नाही. तीन सेट का, तर आषाढात एखादा आठवडा असा येतो की झड लागते आणि काहीच वाळत नाही, दोन सेटांत तिसऱ्या दिवशी तुम्ही ओली चड्डी घालताय, आणि त्याची किंमत पुढे सांगतो. घाटात जाताना लोकरीचा पातळ बेसलेयर, म्हणजे अंगालगतचा टी-शर्ट, मेरिनोचा, असला तर उत्तम, महाग आहे पण एकच घ्या, घोंगडीचं काम करतो आणि दोन दिवस घातला तरी वास मारत नाही.

खाली सायकलिंग शॉर्ट्स, गुडघ्यापर्यंत. ट्रॅक पँट नको, ओली झाली की गुडघ्याला धरते आणि प्रत्येक पेडलला ओढते. पाय उघडे राहिले तर काही होत नाही, कातडी पुसली की कोरडी, तिच्याइतकं लवकर वाळणारं कापड अजून निघालेलं नाही.

बुटांवर मात्र जरा थांबू, कारण सगळे इथंच पैसे घालवतात. वॉटरप्रूफ बूट आणि वरची कव्हरं आपल्याकडे बिनकामाची आहेत, कारण पाणी बुटाला भेदून येत नाही, पायावरून ओघळत वरून आत येतं, आणि एकदा आत आलं की वॉटरप्रूफ असल्यामुळेच बाहेर जात नाही. घरी पोचून बूट उलटा केला की पेलाभर पाणी. त्यापेक्षा पाणी जसं येतं तसं जाऊ द्या. पुढून बोटं झाकलेले, मागून पट्टा असलेले फ्लोटर, आणि खाली खिळ्यांचे रुंद सपाट पेडल. बोटं झाकलेली का, तर सिग्नलला पाय टेकवताना पाण्याखालचा दगड किंवा डिव्हायडरची कड दिसत नाही, माझं एक नख त्यात गेलंय. क्रॉक्स नको, ओल्या झाल्या की पाय आतल्या आत घसरतो. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावून पेडलमध्ये अडकवायचा तुकडा, वापरत असाल तर क्लीट लावायची सँडलसुद्धा मिळते, शिमानोची आहे, दिसायला अगदीच गबाळी, पण मी पाच पावसाळे तीच वापरतो आणि लोक हसतात त्याला माझी हरकत नाही. बूटच घालायचे असले तर घरी आल्या आल्या आतलं सोल बाहेर काढा, पेपरचे बोळे कोंबा, तासाभरानं ते बोळे बदला, हे तासाभरानं बदलणं कुणी करत नाही आणि मग म्हणतात पेपरनं वाळत नाही. उन्हाची वाट बघू नका, श्रावणाशिवाय येत नाही.

पण पाय, पाठ आणि चड्डी ओली होते ती वरून पडणाऱ्या पावसानं कमी आणि खालून उडणाऱ्या पाण्यानं जास्त. पाऊस थांबून अर्धा तास झालेला असतो आणि तरी तुमच्या पाठीवर चिखलाचा पट्टा मारलेला असतो, तो मागच्या चाकाचा प्रताप. आणि ते पाणी पावसाचं शुद्ध पाणी नसतं, त्यात रस्त्यावरचं डिझेल, शेण, गटार सगळं आलं. म्हणून मी मडगार्डला जॅकेटापेक्षा वरचा नंबर देतो. दूधवाल्यांची ती काळी सायकल आठवा, अॅटलस, हर्क्युलस, हिरो, दोन्ही चाकांना पत्र्याचे पूर्ण मडगार्ड आणि चेनला बंद डबा. पावसाळ्यासाठी याहून चांगली सायकल कुणी बनवली नाही (ब्रेक सोडून, तिच्या चकचकीत स्टीलच्या रिमवर ओले ब्रेक म्हणजे रामभरोसे). मग हायब्रीड आणि एमटीबी आल्या, स्पोर्टी दिसायला मडगार्ड काढून टाकले, आणि आपण परत ॲक्सेसरी म्हणून विकत घ्यायला लागलो. सीटखाली अडकवायची ती प्लॅस्टिकची छोटी जीभ असते ती फक्त सीट वाचवते, रोजच्या जाण्याला तिचा उपयोग नाही. सायकलला भोकं असतील तर बोल्टवाले पूर्ण मडगार्ड लावा, टायरपेक्षा साधारण सेंटिमीटरभर रुंद.

आणि पुढच्या मडगार्डला खाली एक पडदा लावा, ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती. पुढचं चाक जे पाणी उडवतं ते सरळ तुमच्या पायांवर आणि पेडलच्या बेअरिंगवर येतं, आणि बाजारातला मडगार्ड नेमका तिथंच आखूड असतो. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनची सपाट बाजू कापायची, वर तीन-चार इंच रुंद, खाली जरा जास्त, घंटेसारखा आकार, मडगार्डच्या खालच्या टोकाला दोन भोकं पाडून केबल टायनं बांधायचा, जमिनीपासून चार बोटं वर राहील असा. कॅन धुताना गरम पाणी आणि भांड्याचा साबण वापरा नाहीतर आठवडाभर शेंगदाण्याचा वास येतो. खर्च शून्य, आणि तुमचे पाय निम्म्यानं कमी भिजतात. मागच्यालाही लावलात तर मागून येणारा मित्र दुवा देईल, त्याच्या तोंडावर फवारा जात नाही.

सीटवर जेलचं गादीवालं कव्हर असेल तर जूनमध्ये काढून ठेवा. ते स्पंज आहे. रात्रभर पार्किंगमध्ये पाणी पिऊन बसतं आणि सकाळी तुम्ही वरून सुके दिसणाऱ्या सीटवर बसलात की सगळं एकदम सोडतं. सीटला हॉटेलातली शॉवर कॅप चढवा, हेल्मेटलाही तीच चालते. हेल्मेटखाली मात्र छोट्या ताठ झडपेची टोपी घाला, त्या झडपेमुळे थेंब डोळ्यांत जात नाहीत, आणि चष्मेवाल्यांना तर तिच्याशिवाय गती नाही. चष्म्याच्या काचेला आतून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटानं चोळून कोरड्या कापडानं पुसायचा, सिग्नलला थांबल्यावर धुकं धरत नाही. हूड घालू नका, मान वळवली की तुम्ही हूडच्या आतल्या बाजूला बघता आणि मागची बस दिसत नाही.

सामानाचं सोपं आहे. पाठीवर सॅक नको, पाठ उकडते आणि सॅकचं 'रेन कव्हर' पाठीकडून उघडं असतं, म्हणजे शर्टावरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत. कॅरिअर लावा आणि तोंड तीनदा गुंडाळून बंद होणारी पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायची बॅग, घ्या. जर्मनीची ऑर्टलिब ही कंपनी १९८२ पासून तेच करतेय, महाग आहे पण माझी एक बॅग नववं वर्ष चालवतेय. बजेट नसेल तर जी बॅग आहे तिच्या आत जाड काळी कचऱ्याची पिशवी, तोंड पिळून दुमडून रबर, लॅपटॉपला अजून एक वेगळी. फोनला झिप-लॉक.

ऑफिसात सोमवारी एकदाच अख्ख्या आठवड्याचे कपडे नेऊन ठेवा, बसनं किंवा गाडीनं जा त्या दिवशी. बूट तिथंच. टॉवेल म्हणून पंचा ठेवा, टर्किश टॉवेल एकदा ओला झाला की जुलैत परत वाळत नाही आणि शेजारचा माणूस एचआरकडे जातो, पंचा खुर्चीच्या पाठीवर टाकला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोरडा.

आता त्या ओल्या चड्डीची किंमत. शॉर्ट्सची गादी ओली, त्यावर तासभर घासणं, आणि मग तशाच ओल्या कपड्यांत मिटिंगला बसणं, म्हणजे आठवड्यात जांघेत नायटा आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या. निघायच्या आधी मांड्यांच्या सांध्यात पेट्रोलियम जेली, पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सगळं काढून, धुऊन, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं पुसून क्लोट्रिमाझोलची पावडर. तरी झालंच तर मेडिकलवाला जे 'लगेच गुण येतो' म्हणून मलम देतो ना, ते घेऊ नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत पसरत राहते, मग वर्षभर जात नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. आणि पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून गेलात तर लेप्टोचा धोका असतो, उंदराच्या लघवीतून येतो तो, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं ते फार वाईट बघितलंय. तापाची वाट न बघता तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना गाठा, ते गोळ्या देतात. तसंही रस्त्याचा तळ दिसत नसेल तर सायकल घालूच नका, त्याखाली झाकण आहे की नाही हे कुणालाच माहीत नसतं.

दिसण्याबद्दल. काळा, नेव्ही ब्लू, राखाडी हे रेनकोटवाल्यांचे आवडते रंग आणि पावसात तुम्हाला गायब करायला हेच पुरेत. फ्लुरोसंट पिवळा-नारिंगी दिवसा आणि तिन्हीसांजेला काम करतो, अंधारात तो नुसता मळकट रंग, तिथं रिफ्लेक्टर लागतात. दोन्ही घोट्यांना वेल्क्रोची एकेक रिफ्लेक्टिव्ह पट्टी बांधा, छातीवरच्यापेक्षा ती लवकर लक्षात येते कारण ती वर-खाली हलते आणि मागच्या ड्रायव्हरला लांबून कळतं की हा माणूस पेडल मारतोय. लाइट दिवसाही चालू. चार्जिंगचं भोक खाली तोंड करून बसवा आणि त्याचं रबरी झाकण घट्ट लागलंय का बघा, माझे दोन लाइट त्याच भोकातून बुडाले.

सायकलकडेही पावसाळ्यात जरा जास्त बघावं लागतं. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर पॅड दाबणारे, असतील तर चाकाची पहिली एक-दोन फेरी नुसती पाणी पुसण्यात जाते, ब्रेक लागतो तो त्यानंतर, म्हणून सिग्नलच्या बऱ्याच आधीपासून हलका दाबत राहायचं. पॅडमध्ये वाळू आणि रिमचेच ॲल्युमिनियमचे कण रुतून बसतात, ब्रेक दाबल्यावर खर्रर्र आवाज आला की पॅड काढून सुईनं ते कण उकरून काढा, नाहीतर रिम खातात. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. चेनला शिलाई मशीनचं तेल नको, पहिल्या सरीत धुऊन जातं, वेट ल्यूब, म्हणजे पावसाळ्यासाठीचं चिकट चेन-तेल, घ्या, एकेका कडीला एकेक थेंब आणि मग फडक्यानं बाहेरचं सगळं पुसून टाका, तेल आत हवं असतं, बाहेरचं नुसतं चिखल धरतं.

रस्त्यावर घसरायच्या जागा: झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलावरचे जोड, पंपासमोरचं ते इंद्रधनुष्य, आणि सोसायट्यांच्या आतला हिरवट सिमेंटचा रस्ता, मी बायपासवर कधी पडलो नाही, आमच्याच गेटच्या आत शेवाळावर पडलो. या सगळ्यांवरून जाताना ब्रेक नाही, वळण नाही, सायकल सरळ. वर्षातला पहिला पाऊस सगळ्यात वाईट, आठ महिन्यांचं तेल वर येतं.

पाऊस-पाऊसही वेगळा असतो हे लक्षात घ्या. मेमधला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा, यात विजा असतात, कपड्यांचा प्रश्नच नाही, दुकानाच्या आत थांबायचं, झाडाखाली नाही, अर्ध्या-एक तासात जातो. आषाढातली झड, तिला वरचं सगळं लागू. श्रावणात काहीच नको, पंधरा मिनिटांनी ऊन येऊन वाळवून जातं.

घाटाचं एवढंच की उंचीवर दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात, आणि महाबळेश्वरला जुलैत दुपारीसुद्धा विशीच्या आसपासच असतं, त्यामुळे तिथं ड्राय बॅगेत एक कोरडा टी-शर्ट, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज हवेतच. माथ्यावर भजीची ऑर्डर देण्याआधी ओला टी-शर्ट बदला. मी बघितलंय, ताम्हिणीत लोक अर्धा तास धबधब्यासमोर ओल्या अंगानं फोटो काढतात आणि उतरताना हात थरथरतात. धुकं दाट असेल, दरड आल्याची बातमी असेल किंवा रविवारी दुपार होऊन गेली असेल तर जाऊच नका, त्या वेळी धोका पावसाचा नसतो, पिऊन परत निघालेल्या गाड्यांचा असतो.

तुमच्या रस्त्यासाठी मी आज खरेदीला गेलो तर आधी मडगार्ड, मग मागचा लाइट, मग पॅड, मग बॅग, आणि विंडचीटर सगळ्यात शेवटी. तेलाचा कॅन आजच घरच्यांना सांगून बाजूला ठेवा, संपल्या संपल्या भंगारवाल्याकडे जातो तो.